थर्माकोल मोडून पाहताना

थर्माकोल वाचायचा तर कापू नये, मोडावा. महाराष्ट्रातल्या 2018च्या थर्माकोलबंदीआधी मखरासाठी तो तापलेल्या तारेने कापत. तारेने कड वितळून गुळगुळीत होते आणि आतले काहीच कळत नाही. मोडल्यावर मात्र सगळे उघड होते. दाणे अख्खेच्या अख्खे निसटले तर समजावे, कारखान्यात वाफ कमी पडली. भेग दाण्यांच्या पोटातून गेली असेल, तर सांधा पक्का.

निसटलेला एखादा दाणा बोटांत धरून बघा. तो गोल नसतो, त्याला चपट्या बाजू असतात. या बाजू शेजारच्या दाण्यांनी दाबून घडवल्या आहेत. मुळात हे पॉलिस्टायरीनचे साखरेसारखे बारीक, कठीण कण. त्यांत थोडे पेंटेन मुरवलेले असते. ही पद्धत जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या फ्रिट्झ श्टास्टनी यांनी 1949च्या सुमारास शोधली. पेंटेन 36 अंशांनाच उकळते; वाफ दिली की इकडे प्लॅस्टिक मऊ पडते आणि तिकडे आतला वायू ते फुगवतो. लाही फुटून फुलते. हा दाणा न फुटता चाळीसपट होतो.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत सुंदर वाटतो. दाणे थंड झाले की आतले पेंटेन पुन्हा आकसते, पोटात पोकळी होते आणि दाणा चेपण्याइतका हळवा बनतो. म्हणून ते काही तास नुसते ठेवून देतात. बाहेरची हवा सावकाश आत शिरते, दाणा सावरतो. मग साच्यात दुसरी वाफ. आता वाढायला जागा नसते, म्हणून दाणे एकमेकांना भिडतात आणि गोंदाशिवाय जुळतात. पेंटेन हळूहळू निघून जाते. उरते ती जवळजवळ 98 टक्के हवा.

फ्रिजच्या भिंतीतल्या पॉलियुरेथेन फोमचे उलटे आहे. तिथे वायू आत टिकला तरच थंडावा नीट राखला जातो. सीएफसी-11 हा वायू या कामाला फार चोख होता: 24 अंशांना उकळणारा, न पेटणारा, उष्णता अडवणारा. पण सुटला की तो ओझोनपर्यंत पोहोचतो. 1987च्या माँट्रियल करारानंतर त्याच्या जागी सायक्लोपेंटेन आले. ते पेट घेते, त्यामुळे कारखान्यांना गळती टिपणारी यंत्रे बसवावी लागली. जुन्या भिंतींत सीएफसी-11 अजून कोंडलेला आहे. म्हणून जर्मनीत असे फ्रिज बंद यंत्रात दळून तो वायू गोळा करतात.