डिव्हच्या आत डिव्ह : पेज बिल्डरवर एक आक्षेप

पेज बिल्डरवर टीका केली की लोक म्हणतात, 'तुम्हा कोडवाल्यांना ते आवडणारच नाही.' तसं नाहीये. रत्नागिरीचा हापूस बागायतदार किंवा गणपतीपुळ्याचा होम-स्टेवाला आज स्वतःची वेबसाइट स्वतः उभी करू शकतो, ते एलिमेंटरसारख्या साधनांमुळेच. माझा आक्षेप त्यांच्या मूळ सेटिंगवर आहे.

कोकणातलं घर बघा. पडवी, ओटी, माजघर, देवघर. जागेला नाव आहे, म्हणून पाहुणा चुकत नाही. २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल-५ ने पानालाही अशीच नावं दिली: हेडर, नॅव्ह, मेन, आर्टिकल, फूटर. एलिमेंटरचा कंटेनर मात्र आपण काही बदललं नाही तर डिव्हच राहतो. डिव्ह म्हणजे बिननावाची खोली. डोळ्यांना सगळं नीटनेटकं दिसतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

पण जो ऐकून वाचतो, त्याचं काय? एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा माणूस 'एच' दाबून शीर्षकांवर आणि 'डी' दाबून पानाच्या विभागांवर उडी मारतो. टॅगच नसतील तर उडी मारणार कुठे? पेटीचा भाव कळायला त्याला मेन्यूपासून सगळं ऐकावं लागतं. त्यात आपण अक्षर लहान हवं म्हणून एच-२ च्या जागी एच-५ निवडतो. अहो, आकार ठरवणं सीएसएसचं काम. शीर्षकाची पातळी आशयावरून ठरते.

बिल्डरवाले म्हणतील, टॅग बदलायची सोय दिलीय. दिलीय, पण लेआउटमध्ये, 'अ‍ॅडिशनल ऑप्शन्स'च्या आत. ज्याला डिव्ह म्हणजे काय हे माहीत नाही, तो तिथे जाईल कशाला? तयार टेम्पलेटमध्येच योग्य टॅग हवेत. ती जबाबदारी बनवणाऱ्याची.

उलटा अतिरेकही नको. प्रत्येक डब्याला सेक्शन केलं तर फायदा शून्य, कारण नाव न दिलेला सेक्शन स्क्रीन रीडर विभाग म्हणून सांगतच नाही. आणि थीमने मेन आधीच दिला असेल तर दुसरा घालू नका.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. पण कायद्याआधी साधा हिशेब बघा: ज्याला भाव ऐकू आला नाही, तो पेटी घेणार नाही. आज घरी गेल्यावर माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब-की वर आपलं पान चालवून बघा. कुठे अडतंय ते लगेच कळेल.