कोरी चार बोटं

आत्याच्या ठाण्याच्या घरात, पश्चिमेच्या गॅलरीत, मोगऱ्याची एक कुंडी आहे. मातीची, कुंभाराकडची साधी. तिच्यावर आत्याने टाइलचे तुकडे बसवले आहेत. तळाशी निळे, मध्ये हिरवे, वर विटकरी लाल आणि गळ्याच्या जाड काठावर पुन्हा निळी एकच ओळ. लाल ओळी संपतात तिथपासून काठापर्यंत मात्र चार बोटं माती तशीच उघडी आहे. ना टाइल, ना रंग.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, "आत्या, टाइल्स कमी पडल्या का गं?"

"कमी कशाला पडतील? अर्धी पिशवी उरलीय माळ्यावर."

पट्टी मुद्दाम कोरी ठेवली होती तर. तेव्हापासून त्या घरी गेले की चहाचा कप घेऊन मी आधी गॅलरीत जाते. एखादी कविता पुन्हा पुन्हा वाचावी तशी ही कुंडी मी आता चार-पाच वर्षं वाचते आहे, आणि दर वेळी त्या कोऱ्या चार बोटांशीच येऊन थांबते.

आधी साहित्याबद्दल. फुटक्या तुकड्यांचं काम म्हटलं की आजीच्या जपून ठेवलेल्या कपबशीची गोष्ट सांगायची रीत आहे. इथे तशी गोष्ट नाही. टाइलच्या दुकानात वाहतुकीत फुटलेल्या लाद्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या असतात. त्यातल्या काही दुकानदाराने आत्याला जवळजवळ फुकट दिल्या. रंग तीनच, कारण पुरतील इतक्या लाद्या त्या ढिगात तीनच रंगांच्या निघाल्या. घरी आणून तिने एकेक लादी गोणपाटात गुंडाळली, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि हातोडीने फोडली. मग मोठ्या कपच्या पकडीने कुरतडून मापात आणल्या. फोडण्याचं कारण कुंडीचा गोल घेर. सपाट लादी गोलाईवर बसत नाही, तिच्या कडा हवेत तरंगतात. तुकडा जितका लहान, तितका तो वळणाला मुकाट्याने शरण जातो.

हीच अडचण बार्सिलोनात वास्तुकार अंतोनी गौदीपुढे होती. १९०० ते १९१४ या काळात त्याने पार्क ग्वेल उभारलं. तिथला नागमोडी बाक त्याचा सहकारी जोझेप मारिया जुजोल याने फुटक्या टाइल्सनी मढवला. त्या कामाला तिकडे 'त्रेंकादीस' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी 'मोडणे' हेच क्रियापद आहे. आपला गवंडी त्याला चायना मोझेक म्हणतो आणि गच्चीवर घालतो, कारण पांढऱ्या कपच्या ऊन परतवतात आणि उतार नीट दिला असेल तर पाणी साचू देत नाहीत. पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या सुमारास अहमदाबादेत 'संगाथ' हे आपलं कार्यालय बांधलं, तेव्हा गच्चीवरचा हा रोजचा उपाय त्यांनी कमानदार छपरांवर चढवला आणि तोच त्या वास्तूचा चेहरा झाला. आत्याने गौदीही पाहिलेला नाही आणि संगाथही. सोसायटीच्या गच्चीवर चायना मोझेक घालणारा गवंडी मात्र तिने तीन दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून पाहिला होता.

आता आकृतिबंध. कुंडी तळाकडे निमुळती आहे. तुकड्यांच्या सर्वांत वरच्या ओळीचा घेर साधारण ३१ इंच, सर्वांत खालच्या ओळीचा २२. नवशिका माणूस इथे एकाच मापाचे तुकडे लावत जातो. मग खालच्या ओळींत तुकडे कमी बसतात, उभे सांधे एकमेकांना चुकतात आणि सगळी नक्षी एका अंगाला कलल्यासारखी दिसते. आत्याने माप सोडलं, संख्या धरली. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत ४२ तुकडे, एकूण ३७८. वरचा तुकडा पाऊण इंच रुंद, खालचा जेमतेम अर्धा. मात्रा तेवढ्याच ठेवून लय द्रुत करत न्यावी तसं हे आहे. नजर वरून खाली सरकते तसे तुकडे दाट होत जातात, आणि निळ्या तळाशी पोचेपर्यंत कुंडीला आपोआप वजन आलेलं असतं.

निमुळता आकार निवडण्यातही विचार आहे. मोगरा दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढावा लागतो, कारण मुळांची गच्च गुंडाळी होते. साधी कुंडी असेल तर फोडून मोकळं होता येतं. ३७८ तुकडे लावलेली कुंडी कोण फोडणार? पोट सुटलेल्या मडक्यात झाड अडकून बसलं असतं. इथे कुंडी आडवी करून कडेने थापटलं की मातीचा गोळा सरळ बाहेर येतो.

दोन तुकड्यांमधल्या फटीला गवंडी दर्ज म्हणतात. तुकडे पक्के बसल्यावर, दुसऱ्या दिवशी, दर्जा भरल्या जातात. बहुतेक हौशी लोक त्या शुभ्र पांढऱ्या भरतात आणि तिथेच फसतात. पांढऱ्या रेघांच्या जाळीत रंग फिके पडतात आणि डोळ्याला तुकड्यांआधी जाळीच दिसते. आत्याने राखाडी ग्राउट वापरलं. गडद दर्जेत लाल अधिक लाल होतो, निळा खोल जातो, आणि फट ओळीतल्या यतीसारखी राहते. वाचताना जाणवते, दिसत नाही. पांढरा टाळण्याचं आणखी एक कारण असावं. या कुंडीवर पांढरं काहीच नाही. तो रंग झाडासाठी राखून ठेवला आहे.

आणि आता ती पट्टी. मातीची कुंडी अंगाने श्वास घेते. तिच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि उडून जातं. टाइल लावली की ती वाट बंद होते. शिवाय आतून झिरपलेली ओल तुकड्यांच्या पाठीमागे जाऊन त्यांना सैल करते, म्हणून आतल्या बाजूने पाणी न झिरपणारा लेप द्यावा लागतो. मग कुंडीत पाणी जास्त वेळ टिकतं, आणि माणूस सवयीने रोज पाणी घालत राहिला तर मुळं कुजतात. मढवलेल्या कुंड्यांतली कितीतरी झाडं अशी मायेपोटी मरतात. आत्याने लेप सगळीकडे दिला, चार बोटांची पट्टी तेवढी आतूनही कोरी सोडली. पट्टीच्या मागे कुंडीतल्या मातीचा वरचा थर येतो. तो ओला असेल तर पट्टी काळपट तांबडी दिसते. सुकला की पट्टी फिकी पडते, आणि मोगऱ्याला पाणी घालायची वेळ नेमकी तीच असते. मातीत बोट खुपसायला नको. दिवाणखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या कळतं.

सजावटीने जे हिरावलं ते सजावटीतच एक जागा रिकामी ठेवून परत दिलं. मला या कुंडीत सर्वांत मोठी वाटते ती ही समज. शिवाय ही एकच जागा रोज बदलते. बाकीचे ३७८ तुकडे आहेत तसे राहतात. कोरी पट्टी सकाळी गडद, संध्याकाळी फिकी. अलीकडे तिच्यावर पाण्यातले क्षार फुटून पुसट ढग उमटले आहेत. मी ते घासून काढायला निघाले तर आत्या म्हणाली, "राहू दे गं, वय दिसतंय तिचं."

या कुंडीचा खरा रस मात्र तिन्हीसांजेला कळतो. ऊन कलतं तसा आधी लाल विझतो. अंधुक उजेडात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्या लाल रंगाला जवळजवळ दादच देत नाहीत. निळा त्यांना बराच वेळ दिसत राहतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे टिपलं, आणि त्याचंच नाव या प्रकाराला मिळालं. गॅलरीत ते रोज घडतं. लाल ओळी काळ्या होतात, हिरव्या राखाडी होतात, काठाची आणि तळाची निळी ओळ रेंगाळते, मग तीही जाते. नेमक्या याच वेळी, चैत्र-वैशाखात, दुपारभर मिटून बसलेल्या कळ्या उमलायला लागतात. अंधारात उमलणाऱ्या फुलाला रंगाची गरज नसते. पांढरेपणा आणि वास एवढ्यावर त्याचं भागतं. दिवसभर कुंडी बोलते, रात्री मोगरा. एकाच्या बोलण्यात दुसरा तोंड घालत नाही. असा वाटा करून दोघं एका जागी नांदतात.

हे मी आत्याला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लाल वर लावला कारण तो कमी होता. तळाला मी निळाच सुरू केला होता." कलाकृतीला तिच्या कर्त्याहून जास्त कळतं, हे मान्य करायला मला त्यामुळे सोपं गेलं.

कुंडी निर्दोष नाही. लाल ओळींत एका बाजूला निळ्या तुकड्यांनी 'मोगरा' अशी अक्षरं बसवली आहेत. पहिल्या वर्षीचा हा हौसेचा भाग. वेलांटी-उकार नसलेला शब्द निवडूनही काने-मात्रा वाकडे गेले आहेत, आणि त्या तीन ओळींतले उभे सांधे ढळले आहेत. पण खरा दोष वेगळाच आहे. कवितेच्या खाली कवीने स्वतःच भावार्थ लिहावा तसं हे झालं आहे. ज्याचा वास जिन्यापर्यंत जातो त्याचं नाव लिहून काय मिळणार? आत्यालाही ते उमगलं असावं, कारण अक्षरांची बाजू तिने कायमची आत फिरवून ठेवली आहे.

"भिंतीला वाचू दे," ती म्हणते. "तिला नाक नाही."

सजवणं ही भर घालण्याची कला आहे असं आपण धरून चालतो आणि मोकळी दिसेल ती जागा भरत सुटतो. आत्याची कुंडी सुंदर आहे ती ३७८ तुकड्यांमुळे, हे खरंच. पण कुंडीत झाड राहायचं आहे हे आत्याला आठवत होतं, आणि माळ्यावरची अर्धी पिशवी शिल्लक असतानाही ती थांबली, म्हणून कुंडी ही कुंडीच राहिली. शोभेची वस्तू झाली नाही. तुम्ही करायला घेतलीत तर पकड कुठली, सिमेंट कुठलं, ग्राउट किती, हे दुकानदार सांगेल. तळाचं भोक बुजवू नका. आणि काठाखालची चार बोटं आधी पेन्सिलीने आखून घ्या. तुकडे लावायला हात एकदा सरावला की ती सोडवत नाहीत.