पैठणीचें पुनरुज्जीवन : कांहीं आक्षेप

पैठणीसंबंधानें अलीकडे जें लिखाण प्रसिद्ध होत आहे, त्यांत दोन विधानें हटकून आढळतात. एक, ही कला दोन हजार वर्षांची असून सातवाहनांच्या प्रतिष्ठानांत ती भरास आली होती. आणि दुसरें, मध्यंतरीं लयास गेलेली ही कला आतां पुन्हां जिवंत करण्यांत आली आहे. पहिल्या विधानास पुरावा पुरत नाहीं व दुसऱ्यांत जिवंत झालें तें काय, हें कोणी सांगत नाहीं, असें आमचें मत आहे.

पहिल्या विधानाच्या पुष्ट्यर्थ 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथाचा दाखला वारंवार देतात. दाखला देणारांनीं मूळ मजकूर पाहिला असता, तर तो बहुधा दिला नसता. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे हल्लींचें तेर, अशीं दोन नगरें त्यांत सांगितलीं आहेत. पैठणाहून अकीकाच्या जातीचे दगड पुष्कळ येत; साधें कापड, मलमल वगैरे माल येई तो तगराहून. रेशमाचा उल्लेख अन्यत्र आहे, पण तें रेशीम चीनचें व बाल्हीक देशावरून भडोचेस उतरणारें. जरीच्या रेशमी वस्त्राचा पैठणाशीं संबंध जोडणारा एकहि शब्द तेथें नाहीं. यावरून सातवाहनकालीं पैठणांत माग नव्हते असा अर्थ कोणी करूं नये. राजधानीचें नगर विणकरांवांचून कसें असेल? आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या पुराव्यानें तेरचें कापड सिद्ध होतें, त्यानें पैठणची पैठणी सिद्ध होत नाहीं.

दुसरा आधार अजिंठ्याचा. पदरावरील कमळ लेण्यांतील कमळासारखें आहे, सबब परंपरा अखंड आहे, असा हा युक्तिवाद. परंतु हीं लेणीं विद्वानांच्या दृष्टीस पडलीं तीं १८१९ सालीं. त्यानंतर तेथील चित्रें पाहून नक्षी उचलणें कोणालाहि शक्य होतें. साम्य दिसलें म्हणजे वंश ठरला, असें इतिहासांत चालत नाहीं.

पेशवाईंत आल्यावर मात्र पायांखालीं जमीन लागते. त्या काळच्या पत्रव्यवहारांत पैठणच्या दुपट्ट्यांची मागणी आहे, आणि रंगहि नांवानिशीं सांगितलेले आहेत. तीन शतकांच्या आंतबाहेरचा हा इतिहास स्वतःच इतका भरघोस आहे कीं, त्यास सातवाहनांची उसनी झूल पांघरण्याची गरज नव्हती.

त्याहून मागचे नमुने कां मिळत नाहींत, याचें एक कारण फार थोडे लोक सांगतात. जुनी जरी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. लुगडें विरलें कीं तें जुनी जरी घेणाऱ्यास वजनावर विकावें, त्यानें तें जाळून धातु काढावा, हा घरोघरींचा प्रघात होता. आमच्या आजीपणजींच्या पेट्यांचा इतिहास असा भट्टींत गेला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत किंवा मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जें उरलें आहे, तें या भट्टींतून निसटलेलें होय.

आतां पुनरुज्जीवनाविषयीं. पैठणीचें पैठणीपण तिच्या रंगांत नाहीं, मोरांतहि नाहीं. तें विणण्याच्या रीतींत आहे. पदराची जमीन जरीची व नक्षी रेशमाची. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी बारीक कांडी. पाकळीपुरता बाणा ताण्यांतून न्यावयाचा, शेजारच्या रंगाशीं गुंतवावयाचा आणि तेथूनच परत फिरवावयाचा. धागा मागल्या अंगास लोंबकळत जात नाहीं, म्हणून पदर उलटला तरी मुनिया, आसावली, बांगडीमोर तसेच दिसतात. साध्या पदरास महिना लागतो, भरगच्च असला तर सहा महिने व वर्षहि जातें. याच्या उलट, पुठ्ठ्यांस छिद्रें पाडून चालविलेल्या जॅकार्डावर नक्षी झटपट उठते. पण धागे मागें तरंगत राहतात, ते कातरून टाकावे लागतात. पदर उलटून पाहण्यास विद्वत्ता लागत नाहीं.

पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथील धंदा खालावल्यावर कलेचा मोठा भार येवल्याच्या साळी, कोष्टी, खत्री विणकरांनीं वाहिला. पुढें महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळानें पैठणास केंद्र चालविलें, आणि २०१० सालीं पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें. हीं कामें स्तुत्य आहेत. रेशीम बंगळूरकडील, जरी सुरतेची, याबद्दलहि आमची तक्रार नाहीं. पैठणीचें रेशीम पूर्वींहि दुरूनच येत असे. जुन्या पुष्कळ पैठण्यांचें अंग सुती असे तें आज रेशमी झालें, नऊवारीची सहावारी झाली, हेंहि कालमानानें व्हावयाचेंच. परंतु हातमागासाठीं कांहीं वस्त्रें राखून ठेवणारा १९८५ चा कायदा असतांना, यंत्रमागावरील माल 'सेमी पैठणी' म्हणून आणि पुढें नुसता 'पैठणी' म्हणून उघड विकला जातो, त्यास पुनरुज्जीवन कसें म्हणावें? वाढलें तें नांव. सहा महिने मागावर बसणाऱ्या विणकराची किंमत त्या नांवाच्या स्वस्त मालाशीं तोलली जाते, आणि त्याचा मुलगा कांडी हातीं धरीत नाहीं. 'दोन हजार वर्षें' हे शब्द दोन्ही मालांच्या चिठ्ठ्यांवर सारखेच छापलेले असतात. खोट्या प्राचीनतेचा उपयोग असा नकलेलाच अधिक होतो.

या विषयावर लिहिणारांनीं पेरिप्लस थोडा बाजूस ठेवून येवलें व पैठण येथील पेढ्यांच्या वह्यांकडे वळावें. विणकरास आगाऊ रक्कम किती, जरी कोणत्या भावानें, कसर कोणाच्या माथीं, हें त्यांत असणार. मागाच्या भागांचीं व काठांचीं नांवें वृद्ध कारागिरांच्या तोंडून टिपून घेणें तर आजच झालें पाहिजे. जुन्या लग्नांच्या याद्यांतहि लुगड्यांचे रंग व किंमती मांडलेल्या असतात. ज्यांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं निदान नक्कल करूं द्यावी. मूळ कागद ज्या रुमालांत बांधून येतील, त्याच रुमालांत परत जातील.