धरणे धरणारी प्रार्थना : तुकारामांचे संकटकालीन अभंग

संतकवितेतील प्रार्थनेचा विचार करताना विश्वास आणि तक्रार या परस्परविरोधी वृत्ती मानण्याचा प्रघात मराठी समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. तक्रार ही साधकावस्थेची, निःशंक विश्वास ही सिद्धावस्थेची खूण, अशी ही मांडणी. गुरुदेव रानडे यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ख्रिस्ती गूढवादातील ‘आत्म्याची काळरात्र’ ही संकल्पना तुकारामांना लावली, तेव्हा तिला तात्त्विक अधिष्ठानही लाभले. तुकारामांच्या यातनेला भाबड्या चरित्रकथेतून बाहेर काढण्याचे श्रेय रानड्यांना द्यायलाच हवे. परंतु टप्प्यांचा हा जिना संहितेत नाही. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या गाथेचा क्रम हा रचनेचा कालक्रम नव्हे. तो जिना वाचकच उभारतो, आणि मग तक्रारीला खालच्या पायरीवर बसवतो.

१६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. या साऱ्या हानीला हितकारक ठरवणारा त्यांचा अभंग शरणागतीचा नमुना म्हणून नेहमी पुढे केला जातो. वस्तुतः त्याची घडण हिशेबाच्या वहीसारखी आहे : एकेक नुकसान नावानिशी मांडायचे आणि लगेच समोर त्याचा लाभ लिहायचा. लाभ लिहिला म्हणून नुकसान खोडले जात नाही. शिवाय हा हिशेब स्वतःशी केलेला नाही; देवाला संबोधून, त्याच्यापुढे वही उघडून तो मांडला आहे. संबोधनाचा हा धागा सोडला की अभंगात केवळ समजूत घालणे उरते.

येथे तुकारामांचे वाणीपण गौण मानून चालणार नाही. कर्जदारांच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे महिपती सांगतो. पुढे त्याच नदीत त्यांच्या कवितेच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तेव्हा परंपरेनुसार ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून देवाच्या दारी बसले. या कृतीला तपश्चर्या म्हटले की तिचा सामाजिक अर्थ हरवतो. ते धरणे होते; ऋणकोच्या दाराशी उपाशी बसून येणे वसूल करण्याची, बाजारपेठेला पुरती ठाऊक असलेली रीत. माणसांवरचे येणे सोडून देणारा हा सावकार देवावरचे येणे मात्र सोडायला तयार नाही! ज्याच्यापाशी द्यायला काहीच नाही, त्याच्या दारी कोणी धरणे धरीत नाही. म्हणूनच या प्रसंगाच्या अभंगांतील आरोप, टोचणी, ब्रीदाची आठवण हे सारे अविश्वासाचे नव्हे, तर विश्वासाचेच व्याकरण आहे.

रामदासांच्या करुणाष्टकांत संकटग्रस्त ‘मी’ स्वतःलाच दोषी धरतो आणि अनुतापाने जळतो; तेथे देवावर आळ नाही. नामदेवांच्या नावावरील एका अभंगात भक्त देवाच्या दारातून परत फिरण्याची भाषा करतो. तुकारामांचा भक्त यांपैकी काहीच करीत नाही. तो उंबऱ्यावरून हलत नाही.

या वाचनाला खरी अडचण निर्माण करतो तो वह्या तरल्यानंतरचा अभंग. तेथे तुकाराम आपण मोठा अन्याय केला, देवाचा अंत पाहिला, असे म्हणत क्षमा मागतात. मग धरणे चुकीचे होते काय? ‘काळरात्री’चा अभ्यासक येथे पहाट झाल्याचे सांगून मोकळा होईल. पण त्या अभंगात पश्चात्तापाइतकीच जागा एका नोंदीला आहे : कागद पाण्यात राखले गेले, लोकापवाद टळला, ब्रीद खरे झाले. क्षमायाचना आहे ती वसुलीच्या रीतीबद्दल, येण्याबद्दल नव्हे. आणि त्याच अभंगात वाण्याने देवाला पावतीही लिहून दिली आहे.