तीन नरसाळ्यांचा अपुरा निष्कर्ष

वाळू, पोयटा व चिकणमाती नरसाळ्यांत भरून पाणी ओतायचे आणि ‘वाळूतून पाणी सर्वांत सहज जाते’ असे लिहायचे, हा शाळेतला नेहमीचा प्रयोग. हा निष्कर्ष पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीपुरताच खरा. दार्सीचा १८५६ चा नियमही तशाच वाळूवरून आला. भूजलाच्या वर मात्र छिद्रांत हवाही असते. माती सुकताना वाळूची मोठी छिद्रे आधी रिकामी होतात, पाण्याची वाट तुटते; चिकणमातीची बारीक छिद्रे भरलेलीच राहतात. तेव्हा वाळूच पाणी अधिक अडवते! वाहकता ओलाव्यानुसार बदलते, हे बकिंगहॅम यांनी १९०७ मध्येच मांडले होते. ते विसरून भूजल-भरणाचा अंदाज केल्यास तो फसतो. पडताळा पाहा : काचेच्या भांड्यात जाड वाळूवर बारीक माती पसरून थेंबथेंब पाणी घाला. ओल सीमेवर थबकते. का, ते विद्यार्थ्यांनाच विचारा.