तळ्याखालचे गाव

मिगेल दे उनामुनो (१८६४-१९३६) या स्पॅनिश तत्त्वचिंतकाची ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ (१९३१) ही लघुकादंबरी श्रद्धावंतांनी आवर्जून वाचावी, असे आम्हांस वाटते. तिच्यातील धर्मगुरू डॉन मानुएल हे साऱ्या गावाचा आधार. परंतु विश्वासांगीकार म्हणताना अनंतकाळच्या जीवनाचे शब्द आले, की त्यांचा आवाज थांबतो आणि लोकांच्या घोषात ते मौन बुडून जाते. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसत नाही. लोकांचे समाधान मोडू नये म्हणून ते हे गुपित राखतात.

ही हकीकत आंजेला लिहिते. अखेरीस हे घडले की आपण स्वप्नात पाहिले, याची तिलाही खात्री उरत नाही. मग लेखक स्वतः अवतरून हस्तलिखित आपल्या हाती आल्याचे सांगतो. हा प्रयोग चमत्कृतीसाठी नाही. संशयाचे ओझे त्यायोगे वाचकावर येते.

कादंबरीतील तळ्याखाली एक गाव बुडाले असून त्याच्या घंटा ऐकू येतात, अशी दंतकथा आहे. आमच्या मुळशीत ती दंतकथा नव्हे. धरणाच्या पाण्याखाली खरीच गावे गेली. १९२१ साली सेनापती बापटांसमवेत सत्याग्रह करणाऱ्या मावळ्यांनी ते संकट उघड्या डोळ्यांनी ओळखले होते.

येथेच डॉन मानुएलांशी आमचा मतभेद होतो. त्यांची माया खरी, त्यागही खरा. पण साध्या माणसांना सत्य पेलणार नाही, हे त्यांनी परस्पर ठरविले. दुसऱ्याच्या बळावर विश्वास ठेवल्यावाचून प्रीती पूर्ण होत नाही.