सातवा जोड

दार बंद आहे. चौकटीवर वाळलेल्या झेंडूचं तोरण, कडेच्या खिळ्याला दुधाच्या पिशव्यांसाठी अडकवलेली कापडी थैली, आणि उंबऱ्याबाहेर मोझेकच्या लाद्यांवर चपलांचे पाच जोड. कॅमेरा जिन्याच्या वरच्या वळणावरून खाली पाहतो आहे आणि वीस सेकंद जागचा हलत नाही. वीस सेकंद हा पडद्यावर फार दीर्घ काळ असतो. एवढ्या वेळात आपली दृष्टी चौकटीत हिंडून येते, थकते, आणि मग नकळत मोजू लागते. आजोबांचे पट्ट्याचे सँडल, आजीची मऊ डॉक्टर चप्पल, टाचेशी झिजलेले ऑफिसचे बूट, आईची अंगठा तुटायला आलेली स्लिपर, आणि मोजा आत कोंबून भिरकावलेले शाळेचे काळे बूट. एकही चेहरा दिसलेला नाही, तरी एक अख्खं कुटुंब आपल्या ओळखीचं होऊन बसतं.

नेरुळमधल्या आमच्या चारमजली सिडको इमारतीच्या जिन्यात चित्रित झालेली ही एका भयपटाची सुरुवात आहे. पूर्ण चित्रपट नाही, नुसती सुरुवात. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या सहा मुलांना अभ्यासक्रमासाठी दोन मिनिटांच्या आत बसेल असा आरंभ रचायचा होता. त्यांच्यातली एक आमच्या शेजारची. एका संध्याकाळी ती दारात येऊन म्हणाली, "काकू, तीन रात्री तुमच्या मजल्यावरचा जिना हवा आहे." एक मिनिट पन्नास सेकंदांचा तो आरंभ मी आता इतक्यांदा पाहिला आहे की त्यातली प्रत्येक चौकट हातात घेऊन उजेडाकडे धरावीशी वाटते. आपणही ती माझ्यासोबत पाहावी.

पुढच्या दृश्यात कॉलेजातून परतलेल्या मुलीची पावलं जिना चढून येतात. ती आपले सँडल काढते, दार उघडतं, आतल्या उजेडाची एक पिवळी फाळ लाद्यांवर पडते आणि मिटते. आता सहा जोड. चौकट तीच, कोन तोच. ट्यूबलाइट क्षणभर फडफडते, विझते, पुन्हा लागते. आता सात.

ही वाढ पाहणाऱ्याच्या अंगावर कोणी फेकत नाही, हे या मुलांचं पहिलं मोठेपण. व्हायोलिनची किंकाळी नाही, कॅमेऱ्याची झडप नाही. सातवा जोड इतर सहांच्या रांगेत गुपचूप उभा आहे, निळ्या पट्ट्यांची साधी रबरी स्लिपर. ओली. कडांना काळपट गाळ लागलेला. ज्याने मघाशी वीस सेकंद नीट पाहिलं त्यालाच ती दिसते, आणि ज्याला दिसते त्याला आपण एकटेच तिचे साक्षीदार आहोत असं वाटतं. भयाचा रस असा एकेकाच्या हृदयात स्वतंत्रपणे उपजतो, तेव्हा त्याला निराळीच खोली येते.

आणखी थोडं जवळ जाऊ या. बाहेरून घरात येणारा माणूस चपला काढतो तेव्हा चवडे आपसूक दाराकडे राहतात. इथेही सहा जोडांचे चवडे दाराकडे आहेत. सातव्याचे मात्र बाहेर, जिन्याकडे. आपल्याला वाटतं, कोणीतरी निघालं आहे. पण घराबाहेर चाललेला माणूस चपला पायांत घालून जातो, त्या मागे ठेवत नाही. हा विचार पुरता होण्याआधीच चौकट बदलते आणि जिना दिसतो, पायरीपायरीवर ओले ठसे घेऊन उतरत गेलेला. ठशांची रुंद टोकं खालच्या दिशेला, निमुळत्या टाचा वरच्या. म्हणजे उतरणारी पावलं. मात्र कॅमेरा जसजसा खाली जातो तसतसे ते ठसे अधिक ओले, अधिक गाळकट होत जातात. दाराशी ते पुसट आहेत, तळमजल्यावर त्यांत पाणी साचलेलं आहे. ओल सांगते आहे की कोणीतरी खालून वर आलं, आणि चवडे सांगताहेत की कोणीतरी वरून खाली गेलं. दोन्ही साक्षी खऱ्या धरायच्या तर एकच उत्तर उरतं, आणि ते लहानपणी आजीच्या कुशीत आपण सर्वांनी ऐकलेलं आहे: पाय उलटे असलेलं कोणीतरी घरी आलं आहे.

या क्षणी मी दर वेळी थांबते. आपल्या लोककथेतली इतकी जुनी, वापरून गुळगुळीत झालेली कल्पना या विशीच्या मुलांनी उच्चारलीच नाही, नुसत्या पाण्याच्या ओघळात मांडून ठेवली. उलट्या पायांची बाई दाखवली असती तर आपण हसलो असतो. इथे ती आपल्याच बुद्धीने सिद्ध करावी लागते, आणि स्वतः सिद्ध केलेल्या गोष्टीवर अविश्वास ठेवणं फार कठीण.

त्यांनी आधी पुष्कळ पाहिलं होतं, हेही खरं. १९७८ सालच्या जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'चा आरंभ ती मुलं पुन्हापुन्हा थांबवून पाहत. मारेकऱ्याच्याच डोळ्यांनी घरात शिरणारा कॅमेरा, मुखवट्याच्या भोकांतून दिसणारं जग, आणि अखेरीस मुखवटा उतरल्यावर समोर उभा राहिलेला सहा वर्षांचा मुलगा. आपल्याकडचा २०१७ सालचा विशाल फुरियांचा 'लपाछपी' त्यांना दिवसाढवळ्या, उन्हात, उसाच्या फडात भय कसं उगवतं हे पाहण्यासाठी हवा होता. पण सर्वांत जास्त वेळ ती रमली राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये. २०१८ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ ज्या चित्रपटाने झाला, त्याचं मूळ नारायण धारपांच्या एका मराठी कथेच्या आठवणीत आहे, ही गोष्ट त्यांना फार आपली वाटली होती. १९१८ सालचं कोकण, न थांबणारा पाऊस, आणि घरात साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला वेळेवर जेवू घालण्याचं काम. खरं भय तिथे त्या नित्यनेमात आहे. स्वयंपाक, ताट, दिवा, झोप यांच्या मधोमध ते वाढून ठेवलेलं आहे. त्या चित्रपटासाठी खऱ्या पावसाची वाट पाहत एकाहून अधिक पावसाळे चित्रीकरण चाललं, हे वाचून आमची ही मुलं स्तब्ध झाली होती. त्यांच्याकडे तीन रात्री होत्या, एक मोबाइल आणि एक तिकाटणं.

मग त्यांनी जे नियोजन केलं ते मला एखाद्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखं वाटतं. चौकोनांच्या वहीत प्रत्येक दृश्याची चौकट काढलेली, खाली सेकंद लिहिलेले. पहिल्या आराखड्यात वाडा होता, वडाचं झाड होतं, विहीर होती. ते सारं खोडून शेजारच्या मुलीने समासात लिहिलं होतं, "आपल्याकडे वाडा नाही. काय आहे?" हा प्रश्न मला अवघ्या चित्रपटाइतका मोलाचा वाटतो.

काय आहे आपल्याकडे? १९७० साली सिडको स्थापन झालं आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. नवं कोरं, सेक्टरांच्या आकड्यांचं. भुताला राहायला जुनं घर लागतं असा आपला समज, म्हणून इथे भूत नाही असं आपण धरून चालतो. पण वाशी, तुर्भे, सानपाडा, जुईनगर, नेरुळ ही स्थानकांची नावं उच्चारताना आपण गावांचीच नावं घेत असतो, आणि इमारतींच्या पायाखाली कुठे भातखाचरं आहेत, कुठे मिठागरं, कुठे नुसता भराव. काही भाग तर भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही सखल. म्हणून इथे डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. भरती चढली की त्यांची झडपदारं खाडीच्या पाण्याला बाहेर थोपवतात, शहरात पडलेला पाऊस तलावात साठून राहतो, आणि ओहोटी लागली की ते पाणी खाडीत उतरतं. म्हणजे आपण सारे झोपलेलो असताना या शहराच्या उंबऱ्याशी रोज कोणीतरी येऊन उभं राहतं, दार ढकलून पाहतं आणि परत जातं. हे मुलांना उमगलं तेव्हा त्यांचा वाडा, त्यांची विहीर, त्यांचा वड सारं एकदम सापडलं.

आरंभाचं शेवटचं दृश्य त्यातूनच आलं. ठसे तळमजल्यावरून फाटकाबाहेर, रस्त्यावर, आणि मग एकदम खाडीचा काठ. पाम बीच रस्त्याच्या पलीकडची तिवरं, बुंध्यापर्यंत पाण्यात उभी, आणि त्यांच्या मुळांशी काळं, स्थिर, काठोकाठ भरलेलं पाणी. चार सेकंद. त्यावर पांढऱ्या अक्षरांत चित्रपटाचं नाव उमटतं, 'भरती'. समुद्राची भरती तर खरीच, पण सहांत सातव्याची पडलेली भरही आपल्याला त्याच शब्दात ऐकू येते. इतकं नेमकं नाव सुचायला भाषेवर माया असावी लागते.

या दृश्यासाठी त्यांनी पंचांग आणि भरतीचं वेळापत्रक शेजारी ठेवून तारीख काढली होती. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, आणि मग पुन्हा मध्यरात्रीच्या आसपास. तिथीगणिक ती साधारण पाऊण तासाने पुढे सरकत जाते. अमावस्या, मध्यरात्र आणि उधाण या तीन गोष्टी गोष्टीवेल्हाळ माणसांनी एकत्र आणल्या असं मी आजवर समजत होते. त्या निसर्गानेच एका वेळेला बांधून ठेवल्या आहेत, हे एका एकोणीस वर्षांच्या मुलाने मला वहीतला तक्ता दाखवून समजावलं, तेव्हा अंगावर खरोखर काटा आला.

आता कान देऊ या, कारण या आरंभाचा अर्धा प्राण त्याच्या ध्वनीत आहे. पहिल्या वीस सेकंदांत इमारत जागी असते. तिसऱ्या मजल्यावर कुकरची शिट्टी, कुठेतरी मालिकेतले भिंतीआडचे संवाद, लहान मुलाला पाढे म्हणून घेणारा आवाज, आणि या सर्वांच्या तळाशी पाण्याच्या पंपाची घरघर. मग एकेक आवाज वजा होत जातो. आधी पाढे, मग मालिका, मग भांडी. आपल्याला काही कमी झालं आहे हे जाणवतं, काय ते कळत नाही. सातवा जोड दिसतो तेव्हा फक्त पंप उरलेला असतो. ठशांवरून कॅमेरा उतरू लागतो आणि तोही बंद पडतो. त्यानंतरची शांतता पोकळ नाही. रात्री दोन वाजता सहाही मुलं जिन्यात श्वास रोखून बसली होती आणि त्यांनी तीन मिनिटं नुसती त्या जिन्याची शांतता ध्वनिमुद्रित केली होती. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, आणि आमच्या जिन्याची मी पंचवीस वर्षांत प्रथम त्या मुद्रणात ऐकली. तिच्यात टाकीतून ओसंडणारं पाणी कुठेतरी थेंबाथेंबाने पडत असतं.

ट्यूबलाइटचं फडफडणंही थोडं न्याहाळण्याजोगं. पहिल्या रात्री सारं चित्रण फुकट गेलं, कारण पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकत होते. आपल्या घरांतली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. कॅमेऱ्याची झडप त्या लयीशी जुळली नाही की डोळ्यांना न दिसणारी ती स्पंदनं चित्रात उतरतात. दुसऱ्या रात्री झडप सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणि चौकटी सेकंदाला २५ ठेवल्यावर चित्र निर्मळ झालं. पण सहा जोडांचे सात होतात त्या एका क्षणासाठी त्यांनी पहिल्या रात्रीचा तो पट्ट्यांचा तुकडा मुद्दाम राखला. म्हणून तो अंधार नेहमीच्या लोडशेडिंगसारखा येत नाही, चित्रावरून काहीतरी चालत गेल्यासारखा सरकतो. दोष ओळखून त्याला जागेवर बसवण्याची ही समज मला फार लोभस वाटते.

गाळ मात्र खोटा. तिवरांना हात लावायचा नाही असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं, म्हणून मुलतानी मातीत कोळशाची पूड आणि चकाकीसाठी थोडं गोडं तेल कालवलं. पडद्यावर तो पाहताना ओहोटीच्या वेळी सगळ्या नेरुळभर पसरणारा तो खारट, कुजकट, ओळखीचा वास माझ्या नाकाशी आला. कॅमेरा वास टिपत नाही, पण स्मृती टिपते, आणि या गावच्या प्रेक्षकाची स्मृती त्यांनी हिशेबात धरली होती.

आणि ते ठसे कसे उमटले, ते पाहण्याचं भाग्य मला लाभलं. तिसरी रात्र. त्यांच्यातला एक सडपातळ मुलगा निळ्या स्लिपर घालून गाळाच्या परातीत उभा राहिला आणि मग पाठमोरा, एकेक पायरी मागे चाचपत, उलटा जिना चढू लागला. चवडे खाली, टाचा वर. प्रत्येक पावलागणिक ओल कमी होत गेली, जशी व्हायला हवी होती तशीच. त्याने कठड्याला धरायचं नव्हतं, नाहीतर तोल सावरताना ठसा वेडावाकडा उमटला असता. पहिल्या खेपेला तिसऱ्या पायरीवर तो घसरला. पायऱ्या धुऊन, पुसून, पंख्याने वाळवून पुन्हा सुरुवात झाली. वरून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी न सांगता चहाचं पातेलं पाठवलं. अखेरच्या खेपेला सारे गप्प होते. तो डोळे समोर, खालच्या अंधाराकडे ठेवून मागे मागे येत राहिला, आणि त्याच्या एक पायरी वर, चौकटीत कधीच न येणारी आमच्या शेजारची ती मुलगी अनवाणी, तशीच एकेक पायरी मागे सरत होती. तिचे दोन्ही तळवे त्याच्या पाठीपासून चार बोटांवर उघडे धरलेले होते.